शेवटच्या क्रेटनंतर पाणी

मंगळवार, दहा फेब्रुवारी. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. माळावरची बाग, ओळ पहिली.

हजर: चंदाबाई आणि तिच्या टोळीतल्या अकराजणी. ट्रॅक्टरवर माझे यजमान. उपड्या क्रेटवर, अंगावर घोंगडं घेतलेले आण्णा, म्हणजे माझे सासरे. आणि मी. गैरहजर: कंपनीच्या माधुरी मॅडम, साडेसातपर्यंत पोचतात, आणि चंदाबाईची जाऊ, तिची दाढ ठणकतेय.

हजेरी घ्यायची सवय अंगणवाडीची. तेवीस वर्षं रोज सकाळी पोरांची नावं वाचतेय. नावं वाचल्याशिवाय दिवस सुरू झाला असं वाटतच नाही. चंदाबाई दर वर्षी या वेळेला तेच विचारते, "हजर बाई! पर वैनी, खाऊ कदी देनार?" बायका दर वर्षी तितक्याच हसतात. मग ओच्यातून कात्र्या निघतात आणि ओळीओळीत टकटक सुरू होते.

ही टकटक ऐकली की मी अजूनही यादी वरपासून खालपर्यंत परत वाचते. सगळं ठीक असतं. यादी पाठ असते. तरी वाचते. कारण पहिल्या तोडणीच्या वर्षी याच वेळेला, याच ओळीत, ही टकटक सुरू होऊन पंधरा मिनिटांत थांबली होती.

फेब्रुवारीतली आमच्याकडची सकाळ मोठी गंमतशीर. सहाला कानाला मफलर लागतो आणि दहाला डोक्यावर पदर. या दोन टोकांच्या मधल्या तीन-साडेतीन तासांत आमचं सगळं काम बसवायचं असतं. ऊन चढलं की मणी तापतात, आणि तापलेला माल कंपनीत पोचेपर्यंत बिघडतो. पानांवर दव असतं, बोटं गारठतात. पहिल्या घडांचा रस हाताला लागला की बोटं चिकट होतात आणि मग काळसर जांभळी. तो रंग चार-चार दिवस जात नाही. अंगणवाडीतली पोरं माझा हात धरून विचारतात, "बाई, शाई सांडली?"

त्यांना एकदा ही द्राक्षं दिली होती. सगळ्यांनी थुंकली. मणी जेमतेम करवंदाएवढा, साल जाड, आत दोन-तीन बिया, आणि गोडी अशी की घसा धरते. ही खायची द्राक्षं नाहीतच. वाईनची आहेत. बाजारात नेली तर कुणी हात लावणार नाही, वाळवून बेदाणा करावा तर बियांमुळे होत नाही. घेणारा एकच, ती कंपनी. तिने घेतली तर घेतली, नाहीतर बांधावर टाकायची. ही एवढी एक गोष्ट नीट कळली, तर पुढचं सगळं कळेल.

मी वेळापूरची. म्हणजे पाटाखालची. आमच्या तालुक्यात माणसाची ओळख सांगताना गावाच्या आधी हे सांगतात: पाटाच्या खाली की पाटाच्या वर. कालव्याची एक रेघ तालुक्यातून गेलीय. खालच्या अंगाला ऊस, केळी, हिरवंगार, रस्त्यानं जाताना गारवा लागतो. वरच्या अंगाला मुरूम, कुसळं, हिवराची झाडं आणि मेंढरं. पाऊस सह्याद्रीवर पडून रिकामा झाला की त्याचे ढग आमच्यावरून नुसते बघत जातात. पाटाच्या वर मुलगी द्यायची म्हटलं की आया डोळे पुसायच्या. माझ्या आईने पुसले. नातेपुत्याच्या पुढे गाडी डांबरी सोडून माळाला लागली तेव्हा माझी मावशी म्हणाली होती, "अगं बया, इतं खायला काय, दगडं?"

आण्णांचे वडील मेंढरं राखायचे. आण्णांनी मेंढरं कमी करून खाली, विहिरीजवळच्या दीड एकरात, खायच्या द्राक्षांची बाग लावली. मी लग्न करून आले तेव्हा ती बाग जोरात होती. आमच्या वरच्या माळावर मात्र तेव्हाही मेंढरंच चरायची. तिथे काही पिकेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात कंपनीसाठी जागा बघत माधुरी मॅडम आल्या. सांगलीकडची मुलगी, शेतकीची पदवी, पाठीवर पिशवी. त्यांनी खालची काळी जमीन नुसती पाहिली आणि वर माळ चढायला लागल्या. वर जाऊन मुठीत मुरूम घेतला, उताराकडे पाहिलं, रात्री थंडी किती पडते ते विचारलं आणि म्हणाल्या, "काकू, ही जागा." मी म्हटलं, "ही? इथे तर काहीच येत नाही." त्या हसल्या. "म्हणूनच. काळ्या जमिनीत वेल नुसता पाला करतो, माजतो. इथे त्याला थोडं कमी पडेल. कमी पडलं की गोडी मण्यात उतरते."

माझ्या वडलांची पाटाखालची सोन्यासारखी जमीन या पिकाला नापास, आणि ज्या माळासाठी आईने डोळे पुसले तो पहिल्या नंबरात पास. त्या दिवशी घरी येताना मला उगाचच ताठ चालावंसं वाटत होतं.

घरात ते सोपं गेलं नाही. गावात तर "दारूची बाग" असं नावच पडलं. यजमान म्हणाले, करून बघू. आण्णा आठ दिवस बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "एक पीक बघू. कंपनीनं माल उचलला तर ऱ्हाऊ दे. न्हाई उचलला, तर येल काडायचं आन् माळ मेंढरास्नी मोकळा." मी कबूल केलं. दोन एकर. तारांवर सरळ उभ्या ओळी, कुंपणासारख्या. खालच्या बागेसारखा मांडव नाही, सावली नाही. आण्णा बांधावर उभे राहून म्हणायचे, "ही बाग हाय का तुरुंग?"

पहिल्या पिकाला अडीच वर्षं लागली. त्या अडीच वर्षांतल्या माझ्या याद्या अजून आहेत, अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर. खड्डे. कलमं. तारा. भुरीची फवारणी. पाखरांसाठी जाळी. आण्णा यातलं सगळं करायचे, कुरकुरत पण नेमकं. चाळीस वर्षं द्राक्षात हात काळे केलेला माणूस. अडचण फक्त एकाच गोष्टीची होती. पाणी.

खायच्या द्राक्षाला माणूस भरवत असतो. मणी फुगला पाहिजे, रुपयाएवढा झाला पाहिजे, चमकला पाहिजे. तोडणीच्या आधी एक पाणी दिलं की घड भरतो आणि वजनालाही बसतो. वाईनच्या द्राक्षाला उलट. शेवटचे तीन आठवडे पाणी तोडायचं. मणी लहानच राहू द्यायचा, साल किंचित सुरकुतली तरी चालते. आण्णांच्या सगळ्या सवयी इथे उलट्या टांगलेल्या. ते रोज संध्याकाळी ओळीतून फिरायचे, सुकलेली खालची पानं हातात घेऊन मला दाखवायचे. "सुलू, बघ की. जीव हाय त्यात." मी म्हणायचे, "आण्णा, मॅडमनी सांगितलंय. यादीत लिहिलंय." यादीत लिहिलंय म्हटलं की ते गप्प बसायचे. मला वाटायचं, पटलं.

गोडी मोजायची एक नळी असते, टोकाला काच. काचेवर रसाचे दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे तोंड करून बघायचं. आत आकड्यांवर निळ्या-पांढऱ्याची एक रेघ दिसते. आण्णा तिला दुर्बीण म्हणतात. आमच्या वाणाला तेवीस लागतात. तोडणीच्या चार दिवस आधी साडेबावीस होते. मी हिशेबाने दिवस ठरवला, टोळी सांगितली, क्रेट धुऊन लावले.

आणि त्या सकाळी, चंदाबाईच्या बायकांनी जेमतेम बारा क्रेट भरले असतील, माधुरी मॅडमनी नळी डोळ्याला लावली, खाली घेतली, काच पुसली, परत लावली. मग ती माझ्या हातात दिली. रेघ विसावर होती.

"काकू, पाणी दिलंत?"

मी नाही म्हणणार होते. पण तेवढ्यात माझी नजर ओळीखाली गेली. मुरूम वाळला की पांढुरका दिसतो. वेलांच्या बुडाशी तो तपकिरी होता. ओळभर, एकासारखे एक, ठिबकच्या प्रत्येक तोंडाखाली एक तपकिरी वर्तुळ.

"मीच दिलं," आण्णा मागून म्हणाले. लपवलं नाही, आवाजही बदलला नाही. "परवा. पोटभर."

टकटक थांबली. बारा बायका आमच्याकडे बघत उभ्या. मॅडम म्हणाल्या, हा माल आज नेता येणार नाही. नऊ दिवसांनी या भागातली शेवटची गाडी आहे, त्यानंतर कंपनीच्या टाक्या भरलेल्या असतील. तोपर्यंत तेवीस आले तर बघू. पाण्याचा एक थेंब नको.

त्या गेल्यावर मी आण्णांना सगळ्यांसमोर म्हटलं, "वजनासाठी दिलंत ना? खालच्या बागेची खोड गेली नाही ना अजून?"

आण्णांनी डोक्यावरचा पटका काढला, झटकला, परत बांधला. बांधावरून वर चालत गेले.

माणूस गप्प बसला की आपलं बरोबर निघालं असं वाटतं. मला तसंच वाटलं. त्या दिवशी मी अंगणवाडीत पोहोचेपर्यंत मनातल्या मनात आणखी चार वाक्यं जुळवली होती.

पुढचे नऊ दिवस मी कधी विसरणार नाही. रोज सकाळी दहा ओळींतून दहा मणी, काचेवर थेंब, रजिस्टरमध्ये आकडा. वीस. वीस. परत वीस. आण्णा पहाटेच माळावर जायचे आणि अंधार पडला की यायचे. बाग उशिरापर्यंत राहिली की पाखरं सगळी तिच्यावरच उतरतात, आजूबाजूची शिवारं रिकामी झालेली असतात. जाळीत जागोजाग भोकं पडलेली. आण्णांनी लहानपणची गोफण काढली. बांधावरच्या दगडावर उभे राहून फिरवायचे, आणि दगड सुटला की साळुंक्यांचा थवाच्या थवा उठून हिवरावर बसायचा. भाकरी मी कापडात बांधून पाठवायचे. कापड परत यायचं, नीट घडी घातलेलं. निरोप काही नाही.

चौथ्या दिवशी साडेवीस. त्या दिवशी चंदाबाई अंगणवाडीत आली, नातवाला सोडायला. आली ती दारातच टेकली.

"वैनी, एक इचारू? तुमच्या म्हायेरी मेंढरं न्हवती न्हवं?"

"नव्हती. का?"

"तवाच." तिने नातवाचं नाक पदराने पुसलं. "आमच्यात मेंढरू इकलं की गाडीत चडवायच्या आदी त्येला पानी दावत्यात. पोटभर. मालक सोता दावतो. तानलेलं जित्राब दारातनं धाडायचं न्हाई. आण्णा तर गाडीवाल्याला अर्धा अर्धा तास थांबवायचं, माज्या बापानं सांगितलंय. गाडीवाला वराडायचा, पर आण्णा म्हनायचं, पेऊ दे की तिला, परत हितलं पानी तिला कुटं मिळायचं?"

मी हातातली हजेरी खाली ठेवली.

"वजनासाटी म्हनालात तुमी त्यास्नी," चंदाबाई म्हणाली. "समद्यांम्होरं. लई लागलं आसंल."

ती गेली. पोरं बडबडगीत म्हणत होती आणि मी खिडकीतून माळाकडे बघत होते. इथून आण्णा दिसत नव्हते, अंतर खूप. पण मला ते दिसत होते: ज्या माळावर उभा जन्म पाण्यासाठी वणवण केली, त्या माळावरून पहिल्यांदाच काही पिकून बाहेर निघालं होतं. दोन एकर, ओळीने उभं, सुकल्या पानांचं. आणि ही सून म्हणते, तहानेलंच जाऊ दे.

मला माफी मागायची रीत जमत नाही, यादी जमते. त्या संध्याकाळी मी रजिस्टर काढलं आणि तोडणीच्या यादीत तळाला एक ओळ वाढवली. ते पान फाडून भाकरीच्या कापडात ठेवलं. दुसऱ्या दिवशी कापड परत आलं, घडी घातलेलं, रिकामं. पान त्यांनी ठेवून घेतलं होतं.

पाचव्या दिवशी एकवीस. सहाव्या दिवशी आभाळ आलं. फेब्रुवारीतलं ते राखाडी, दमट आभाळ. त्यातून दोन शिंतोडे पडले तरी संपलं. यजमान दर तासाला फोनवर हवामान बघायचे आणि दर तासाला तेच सांगायचे, "काही सांगता येत नाही म्हणतायत." गावातले दोघं-तिघं मुद्दाम माळावरून चक्कर मारून गेले. एकजण आण्णांना म्हणाला, "मग आण्णा, मेंढरं कदी सोडताय?" आण्णा गोफण फिरवतच म्हणाले, "तू मोकळा हायस व्हय? मग हुबा ऱ्हा हितं, पाकरं भितील." सहा दिवसांत मी ऐकलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी वळून हसले. त्यांनी पाहिलं.

सातव्या दिवशी दुपारी उत्तरेकडून कोरडा वारा सुटला. ढग फाटले. आठव्या दिवशी बावीस. नवव्या दिवशी सकाळी मी काचेवर दोन थेंब टाकले, पण नळी स्वतःच्या डोळ्याला लावली नाही. मी ती आण्णांना दिली. त्यांना आकडे वाचता येतात, पण नळीला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्यांनी एक डोळा मिटला, सूर्याकडे तोंड केलं, बराच वेळ बघितलं.

"दोनावर तीन."

माधुरी मॅडमनी परत तपासलं. तेवीस. टकटक सुरू झाली आणि साडेदहापर्यंत थांबली नाही. शेवटचा क्रेट गाडीत चढला, मागचं फळकं बंद झालं, गाडी उताराला लागली. धूळ बसली. सगळे दमून बांधावर टेकले, फक्त आण्णा उभे होते, वर, शेततळ्याजवळच्या व्हॉल्वपाशी. खिशातून त्यांनी ते पान काढलं, उलगडलं. आणि तिथूनच ओरडून विचारलं,

"सुलू, आता देऊ?"

"द्या, आण्णा."

नळ्यांमधून आधी नुसती हवा येते, फुस्स करून. मग थेंब. तापलेल्या मुरमावर पहिलं पाणी पडलं की तो चुरचुरतो, आणि जो वास येतो तो कुठल्याही बाटलीत भरता येणार नाही. चंदाबाई म्हणाली, "प्या गं बायांनो, प्या." वेलींना म्हणाली की टोळीतल्या बायकांना, कुणास ठाऊक. दोघींनी तांब्या उचलला.

मॅडमना नंतर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तोडणीनंतर एक पाणी द्यायचंच असतं, दमलेल्या वेलाला त्याची गरज असते. म्हणजे आण्णांचं पाणी बरोबर होतं. दिवस तेवढा चुकला होता.

त्याला आता सात वर्षं झाली. माळावर आमच्या दोनाचे पाच एकर झाले. आजूबाजूच्या सहा घरांनी लावली, त्यात मेंढरं कधी सोडताय विचारणाराही आहे. चंदाबाईच्या हाताखाली आता तीन टोळ्या आहेत. जानेवारी ते मार्च तिच्याशी बोलायचं तर वेळ घ्यावी लागते. छाटणीनंतर ओळींमध्ये मेंढरं बसवतो, लेंड्यांचं खत होतं, पाला त्यांना मिळतो; आण्णांना हवा होता तो माळ मेंढरांनाही मोकळा आहे आणि वेलांनाही. गेल्या साली खालच्या अंगाची एक मुलगी आमच्या वाडीत नांदायला आली. तिची आई डोळे पुसत नव्हती, सोलरचा पंप किती अश्वशक्तीचा ते विचारत होती.

मॅडमनी एकदा एक बाटली आणून दिली होती. आमच्यात कुणी घेत नाही. पण आण्णांनी बूच काढायला लावलं, वास घेतला, डोळे मिटून परत घेतला आणि म्हणाले, "माळाचा हाय. उनाचा." मग बूच लावून ठेवली. कपाटात आहे, लोणच्याच्या बरणीमागे.

आज मॅडम आठला दहा मिनिटं कमी असताना आल्या. पहिल्या दहा ओळी: तेवीस. उरलेल्या खालच्या ओळींना अजून तीन दिवस, त्या शुक्रवारी. मॅडम गाडीत बसल्यावर मी यादी काढली. आण्णांनी उपड्या क्रेटवरून हात केला.

"सुलू, औंदा पानी तू दे."

"का हो?"

"गुडघं. शेततळ्यापतुर न्हाई चडायचं आता. तू दे, न्हाईतर त्येला सांग." त्यांनी ट्रॅक्टरकडे बोट दाखवलं. "कुनी बी दिलं तरी पानी ते पानीच की."

त्यांनी हे सहज म्हटलं. पण म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, ओळींकडे बघत होते.

यादीतली शेवटची ओळ सात वर्षं तीच आहे: पाणी – आण्णा. मी पेन उघडलं आणि परत बंद केलं. नाव काही खोडलं नाही. मग मी पानाच्या उलट्या बाजूला चित्र काढलं. शेततळ्यातून येणारी मोठी पाइप आमच्या घराच्या कोपऱ्यावरून खाली बागेत जाते. ओट्यापासून वीस पावलांवरून. तिथे कापून व्हॉल्व बसवला, तर वर चढायचं कारणच नाही. आण्णा काठी टेकत वीस पावलं जातील. बसायला एक क्रेट ठेवू. फिटरला फोन केला. तो म्हणाला, तासाभराचं काम आहे, सामान आणून ठेवा.

सामान: दोन इंची व्हॉल्व एक, लांब मुठीचा, म्हणजे बोटांत जोर लागत नाही. पाइप जोडायचे कपलर दोन. चिकटवायचं सोल्यूशन. करवतीचं पातं.

आण्णांना अजून सांगितलेलं नाही. नातेपुत्यातला दुकानवाला भाचीच्या लग्नाला गेलाय, गुरुवारी सकाळी उघडतो. शुक्रवारी शेवटचा क्रेट चढायच्या आत व्हॉल्व बसला पाहिजे. बाकीचं सामान घरातच निघालं, यादीतल्या त्या ओळींवर बरोबरच्या खुणा झाल्यात. व्हॉल्व तेवढा आणायचा राहिलाय.